सोलापूरच्या काळ्या रानातील नांगरट आणि ओढशक्तीचे मोजमाप : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

कृषी इतिहासाच्या अभ्यासात जमीनमहसूल, दुष्काळ, सावकारी आणि सिंचन या विषयांवर विपुल लेखन झालेले आहे. त्या तुलनेत जमीन नांगरण्यासाठी किती शक्ती लागते, ती कोणी मोजली आणि कोणासाठी मोजली, हा प्रश्न मागे पडला. तो अभियांत्रिकीचा विषय म्हणून इतिहासाच्या अभ्यासकांनी सोडून दिला आणि अभियंत्यांना त्याच्या इतिहासात फारसे स्वारस्य नव्हते. वस्तुतः सोलापूरसारख्या कोरडवाहू जिल्ह्यात शेतकऱ्याची पत ठरत असे ती त्याच्या दावणीला असलेल्या बैलांवरून. 'एका औताची शेती', 'चौबैली नांगर' या शब्दप्रयोगांत जमीन आणि शक्ती यांचे प्रमाण एकाच वेळी व्यक्त होते. प्रस्तुत लेखात या मोजमापाचा प्रवास बैलांच्या जोड्यांपासून ट्रॅक्टरच्या अश्वशक्तीपर्यंत तपासला आहे. या प्रवासात मोजमाप अधिकाधिक अचूक होत गेले. मात्र ते ज्या रानात नांगर चालतो त्या रानापासून दूरही गेले, हे या मांडणीचे मुख्य सूत्र आहे.

काळी माती, वाफसा आणि बैलांची संख्या

सोलापूर जिल्ह्यातील भीमा आणि सीना नद्यांच्या खोऱ्यांतील काळी जमीन बेसाल्ट खडकापासून तयार झालेली आहे. तिच्यातील चिकणमातीचे कण पाणी मिळाले की फुगतात आणि वाळले की आकसतात. त्यामुळे उन्हाळ्यात या रानांना हातभर भेगा पडतात आणि पावसाळ्यात त्यात पाय रुततो. येथील मुख्य पीक रब्बी ज्वारी. ते बव्हंशी सप्टेंबरच्या पावसाने जमिनीत साठलेल्या ओलीवर येते. मोहोळ येथील निवडीतून पुढे आलेला 'मालदांडी ३५-१' हा वाण याच पद्धतीच्या शेतीतला आहे.

अशा जमिनीत नांगराला होणारा विरोध स्थिर नसतो. तीच जमीन ओली असताना फाळाला चिकटते, वाळल्यावर दगडासारखी होते आणि या दोन अवस्थांच्या मध्ये काही थोडे दिवस ती मऊ, भुसभुशीत फुटते. या मधल्या अवस्थेला 'वाफसा' म्हणतात. मूठभर माती दाबून पाहायची. गोळा झाला, हाताला चिकटला नाही आणि टाकल्यावर फुटला, म्हणजे वाफसा आला. या कसोटीला कोणतेही उपकरण लागत नाही, परंतु ती मोजमाप नव्हे असे म्हणता येणार नाही. मातीतील ओलाव्याचा आणि ओढीचा संबंध तिच्यात गृहीत धरलेला आहे.

दख्खनचा जड लाकडी नांगर ओढण्यास चार ते आठ बैल लागत, असे वर्णन सर्वत्र आढळते. हा आकडा अनेकदा मागासलेपणाचे चिन्ह म्हणून सांगितला गेला. थोडे गणित केले असता त्याचा अर्थ वेगळा लागतो. खिलार बैलाचे वजन सुमारे ४५० किलो धरले आणि बैल दिवसभर आपल्या वजनाच्या दहा टक्के ओढ देऊ शकतो असे मानले, तर एका जोडीची सततची ओढ सुमारे ९० किलो येते. भारी जमिनीचा विरोध दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलो धरून २० सेंटिमीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर खोल तास काढायचे म्हटले तर १५० किलो ओढ लागते, म्हणजे दोन जोड्या. तास २० सेंटिमीटर खोल केले आणि विरोध ०.६ किलो झाला की ओढ २४० किलोवर जाते. येथे तीन जोड्या हव्यात. माती आणखी वाळून विरोध ०.८ किलोवर गेला की ३२० किलो, म्हणजे चार जोड्या. लाकडी नांगराचे तास चौकोनी नसते, त्यामुळे हे हिशेब ढोबळ आहेत. तरीही चार, सहा आणि आठ बैल हा क्रम त्यातून आपोआप बाहेर पडतो. जुवाला किती बैल जुंपले हेच त्या काळचे ओढमापक होते, आणि ते खोली, ओलावा व मातीचा जडपणा या तिन्ही गोष्टी एकदम नोंदवीत होते.

आठ बैल एका घरी असणे दुर्मीळ. म्हणून 'सावड' ही पद्धत. आपले दोन बैल शेजाऱ्याच्या नांगराला द्यायचे आणि त्याचे आपल्या नांगराला घ्यायचे. शक्तीची ही देवघेव दिवसांत मोजली जाई. जनावरांच्या बाजारालाही याच दृष्टीने पाहिले पाहिजे. सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतील, पंढरपूरच्या कार्तिकीतील आणि सांगोल्याच्या बाजारातील खिलार बैलांची पारख हीदेखील ओढशक्तीची पारखच होती. दुष्काळात बैल मेले की पुढच्या वर्षी पाऊस पडूनही रान पडीक राही. १८७६-७८ च्या दुष्काळाचे परिणाम पाहताना धान्याच्या तुटीबरोबर ही शक्तीची तूटही ध्यानात घ्यावी लागते.

सोळा आण्यांची जमीन

एकोणिसाव्या शतकात मातीचे पद्धतशीर मोजमाप झाले ते महसुलासाठी. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यात नव्या पाहणीची सुरुवात केली. पाठोपाठ ती सोलापूर भागातही आली. १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिचे नियम पक्के केले. जमिनीची खोली आणि पोत पाहून तिचे नऊ प्रतींत वर्गीकरण करण्यात आले. सर्वांत खोल व उत्तम काळ्या जमिनीला सोळा आणे आणि उतरत्या क्रमाने शेवटच्या प्रतीला दोन आणे.

ही पद्धत तिच्या हेतूपुरती काटेकोर होती. परंतु सोळा आण्यांची जमीन म्हणजेच सर्वाधिक बैल मागणारी जमीन. ज्या रानातून जास्त पीक येण्याची शक्यता, त्याच रानाच्या मशागतीचा खर्चही जास्त, आणि वाफशाचे दिवस चुकले तर तो खर्च आणखी वाढणारा. विंगेटच्या श्रेणीत खोली हा गुण होता. कुणब्याच्या हिशेबात ती गुण आणि भार दोन्ही होती. खोल काळी राने दरवर्षी न नांगरता काही वर्षांच्या अंतराने नांगरावीत आणि एरवी कुळवाच्या पाळ्यांवर भागवावे, ही जुनी रीत या भाराला दिलेले उत्तर होते. तिला आळस म्हणणाऱ्या तत्कालीन टीकाकारांनी बैलांचा हिशेब मांडलेला दिसत नाही.

लोखंडी नांगर

विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९-१९५६) यांनी बेळगाव येथे लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन विषारी होते, या समजुतीमुळे सुरुवातीचे नांगर खपण्यास दोन वर्षे लागली, ही हकीकत सर्वश्रुत आहे. पुढे १९१० मध्ये औंध संस्थानात कुंडल रोडजवळ किर्लोस्करवाडी वसली आणि हा नांगर दख्खनभर पोहोचला.

या हकीकतीकडे केवळ अंधश्रद्धेवरील विजय म्हणून पाहणे अपुरे आहे. लाकडी नांगर गावच्या सुताराकडून बलुत्यात मिळे व तेथेच दुरुस्त होई; लोखंडी नांगराला रोख पैसा लागे आणि सुटे भाग बाहेरून येत. शिवाय लाकडी नांगर माती फाडतो, तर लोखंडी नांगर ती कापून पालथी करतो. हरळी आणि कुंदा यांसारख्या तणांच्या मुळ्या उकरण्यास हे उत्तम, पण माती उलटविण्याच्या या कामालाही शक्ती लागते. तेव्हा शेतकऱ्यापुढचा खरा प्रश्न 'लोखंड की लाकूड' असा नव्हता. आपल्या दावणीच्या बैलांना या नांगराची किती खोली पेलेल, असा होता. त्याचे उत्तर शेतकऱ्याला स्वतःच्या रानातच शोधावे लागले.

कोरडवाहू संशोधन : पाण्याचा ताळेबंद

मुंबई इलाख्यात कोरडवाहू शेतीच्या संशोधनास १९२३ मध्ये पुण्याजवळ मांजरी येथे प्रारंभ झाला. शाही कृषी आयोगानंतर १९२९ मध्ये इम्पीरियल कौन्सिल ऑफ ॲग्रिकल्चरल रिसर्च ही संस्था स्थापन झाली आणि तिच्या योजनेतून १९३३ पासून सोलापूर, विजापूर, हगरी, रायचूर व रोहतक येथे कोरडवाहू संशोधन केंद्रे उभी राहिली. मुंबई इलाख्यातील या कामाचे प्रमुख नाव म्हणजे एन. व्ही. कानिटकर. डॉ. हॅरॉल्ड मान यांच्यासह त्यांनी जातेगाव बुद्रुक या गावातील जमीन व श्रम यांचा अभ्यास केला होता व तो १९२१ मध्ये प्रसिद्ध झाला. गावातील कुटुंबाचा जमाखर्च जवळून पाहिलेला हा शास्त्रज्ञ होता, ही बाब त्यांच्या पुढील शिफारशी वाचताना विसरू नये.

'मुंबई कोरडवाहू पद्धत' या नावाने ओळखल्या गेलेल्या शिफारशींत समतल बांध, पेरणीपूर्वी कुळवाच्या पाळ्या, शेणखत, विरळ पेरणी, कमी बियाणे, वारंवार कोळपणी आणि तीन वर्षांतून एकदा नांगरट यांचा समावेश होता. सोलापूर केंद्राच्या कामाचा भर जमिनीतील ओलावा, वाहून जाणारे पाणी आणि मातीची धूप यांवर होता. कोरडवाहू प्रदेशात ते योग्यच होते.

मात्र तीन वर्षांतून एकदा नांगरट ही शिफारस पाण्याच्या हिशेबाइतकीच शक्तीच्या हिशेबातही बसते. चौबैली नांगराने दिवसाला अर्धा एकर होते असे धरल्यास दहा एकरांच्या धन्याला सगळे रान नांगरण्यास वीस दिवस लागतील. ज्वारी निघाल्यावर जमीन कडक होण्यापूर्वी इतके दिवस हाती नसतात. दरवर्षी तिसरा हिस्सा नांगरला तर काम सात दिवसांत आटोपते. जुनी रीत आणि नवी शिफारस येथे एकमेकींना भेटतात. १९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा योजना कायद्याने बांधबंदिस्तीला शासकीय बळ मिळाले. सोलापूर केंद्र पुढे महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या छत्राखाली आले आणि १९७० मध्ये सुरू झालेल्या अखिल भारतीय समन्वित कोरडवाहू संशोधन प्रकल्पाचेही ते केंद्र बनले.

ओढमापकाचा प्रवास

नांगराची ओढ उपकरणाने मोजण्याचा इतिहास मुख्यतः इंग्लंडमधला आहे. फिलिप प्यूसी यांनी १८४० मध्ये रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीच्या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात नांगराच्या ओढीवरील प्रयोग प्रसिद्ध केले. जनावर आणि नांगर यांच्यामध्ये स्प्रिंगचा काटा जोडायचा आणि ताण वाचायचा, हे त्यामागील सोपे तत्त्व. तेथील शेतकऱ्यापुढेही प्रश्न सोलापूरसारखाच होता : या नांगराला दोन घोडे पुरतील की चार?

१९२५ मध्ये रॉथॅमस्टेड येथील कीन व हेन्स यांनी या उपकरणाचा उपयोग उलट्या दिशेने केला. नांगर तोच ठेवून शेताच्या निरनिराळ्या भागांत ओढ मोजायची आणि समान ओढीच्या रेषा जोडून त्या शेताचा नकाशा काढायचा. एकसारख्या दिसणाऱ्या शेतातही मातीचा विरोध जागोजागी बदलतो, हे त्यातून स्पष्ट झाले. नांगरापेक्षा माती मोजण्याचा हा विचार अत्यंत मौलिक होता.

अमेरिकेत मोजमापाची प्रेरणा वेगळी होती. नेब्रास्कातील विल्मॉट क्रोझियर या शेतकरी लोकप्रतिनिधीला विकत घेतलेल्या ट्रॅक्टरचा कटू अनुभव आला. त्यांच्या पुढाकाराने १९१९ मध्ये कायदा झाला : राज्यात विकल्या जाणाऱ्या ट्रॅक्टरची शक्ती विद्यापीठाने तपासलेली असली पाहिजे. १९२० पासून या चाचण्या सुरू झाल्या आणि 'अश्वशक्ती' हा जाहिरातीतील शब्द प्रमाणित आकडा बनला. येथे मोजमाप प्रथमच ग्राहकाच्या बाजूने उभे राहिले. त्याची किंमत अशी की, निरनिराळ्या ट्रॅक्टरांची न्याय्य तुलना व्हावी म्हणून ओढीची चाचणी पुढे काँक्रीटच्या मार्गावर होऊ लागली. माती चाचणीतून वजा झाली.

भारतात स्वातंत्र्यानंतर केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेने मध्य भारतातील कांस गवताने व्यापलेल्या जमिनी मोडण्याचे काम हाती घेतले. त्यासाठीच्या यंत्रांकरिता १९४९ मध्ये जागतिक बँकेचे एक कोटी डॉलरचे कर्ज मिळाले. मध्य प्रदेशातील बुदनी येथे १९५५ मध्ये ट्रॅक्टर प्रशिक्षण केंद्र सुरू झाले व ते पुढे देशाचे प्रमुख चाचणी केंद्र बनले. १९५९ पासून फरिदाबाद, त्यानंतर चेन्नई व मुंबई येथे ट्रॅक्टरनिर्मिती सुरू झाली आणि बुदनीचा चाचणी अहवाल हा ट्रॅक्टरच्या विक्रीतील महत्त्वाचा दस्तऐवज ठरला.

या अहवालातील पीटीओ शक्तीचा आकडा विश्वसनीय असतो. पण तो सोलापूरच्या रानापर्यंत पोहोचेस्तोवर घटत जातो. अमेरिकन कृषी अभियंता वेंडेल बोअर्स यांनी यासाठी ०.८६ चा सोपा नियम सांगितला : प्रत्येक पायरीवर आधीच्या शक्तीचा ८६ टक्के भाग शिल्लक राहतो. त्यानुसार ४५ अश्वशक्तीच्या इंजिनाचे पीटीओवर सुमारे ३९, काँक्रीटवर ओढताना ३३ आणि घट्ट जमिनीवर २८ ते २९ उरतात. मोकळ्या, ओलसर जमिनीत चाके घसरू लागली की त्याहून कमी. विक्रेत्याच्या दुकानातील ४५ आणि बांधावरील २५ यांतील अंतर कोणत्याही करारात लिहिलेले नसते.

रानातील प्रत्यक्ष मोजणी अशक्य नाही. कृषी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना दोन ट्रॅक्टरांची पद्धत शिकवली जाते. नांगर जोडलेला मागचा ट्रॅक्टर गिअर न टाकता ठेवायचा, पुढच्याने तो ओढायचा आणि मधल्या ओढमापकावर नांगर जमिनीत असतानाचा व उचललेला असतानाचा ताण वाचायचा. दोहोंतील फरक म्हणजे नांगराची ओढ. चाकावर खडूची खूण करून ठराविक फेऱ्यांत काटलेले अंतर मोजले की घसर कळते. टाकी काठोकाठ भरून एकर झाल्यावर पुन्हा भरली की डिझेलचा खप कळतो. यांपैकी शेवटच्या दोन गोष्टींना खडू, टेप आणि मापाचे भांडे एवढेच साहित्य लागते.

उजनीनंतरची नांगरट

१९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले आणि जिल्ह्याच्या मोठ्या भागात ज्वारीच्या जागी ऊस आला. उसाला खोल नांगरट हवी, ती दरवर्षी किंवा खोडवा मोडताना हवी, आणि कारखान्याच्या हंगामाशी जुळणारी हवी. तीन वर्षांतून एकदा नांगरट हे सूत्र बागायती भागात टिकणे शक्य नव्हते. प्रथम पलटी नांगर आला, पाठोपाठ रोटाव्हेटर. कोरडवाहू भागातही १९७२ च्या दुष्काळानंतर आणि पुढील चारा-टंचाईच्या वर्षांत बैल बाळगणे परवडेनासे होत गेले व ट्रॅक्टर भाड्याने घेणे रूढ झाले. सावडीची जागा भाड्याने घेतली. बैलांच्या दिवसांऐवजी एकर किंवा तास हे माप आले.

या बदलाचा अर्थ आकड्यांत पाहता येतो. विरोध दर चौरस सेंटिमीटरला ०.६ किलो आणि खोली २० सेंटिमीटर धरल्यास एक एकर नांगरण्यासाठी मातीवर होणारे काम सुमारे ४८ मेगाज्यूल भरते. एका लिटर डिझेलमधील उष्णता सुमारे ३६ मेगाज्यूल असते. म्हणजे मातीला पोहोचणारी ऊर्जा सव्वा-दीड लिटर डिझेलइतकीच. परंतु इंजिन इंधनातील सुमारे ३० टक्के ऊर्जाच शक्तीत रूपांतरित करते, त्यातील ८६ टक्के गिअरमधून चाकांपर्यंत जाते आणि चाकांची कार्यक्षमता शेतात ६५ टक्क्यांच्या आसपास राहते, असे मानले तर प्रत्यक्ष खप एकरी आठ लिटरच्या जवळ जातो. खोली २० ऐवजी १५ सेंटिमीटर ठेवली तर तोच खप सहा लिटरवर येतो. विरोध वाढला, म्हणजे वाफसा निघून गेल्यावर नांगरले, तर तो त्याच प्रमाणात चढतो.

अभ्यासकांच्या ऊर्जा-ताळेबंदांत डिझेलला लिटरमागे ५६.३१ मेगाज्यूल, मध्यम बैलजोडीला तासाला १०.१० आणि पुरुष-श्रमाला १.९६ मेगाज्यूल असे गुणांक सर्रास वापरले जातात. पिकांच्या तुलनेसाठी ते सोयीचे आहेत. मात्र त्यांत खोली येत नाही, ओलावा येत नाही आणि चाकांची घसरही येत नाही. 'एकरी आठ लिटर' हा आकडा नोंदवला जातो. तो चांगल्या नांगरटीचा आहे की रान कडक झाल्यावर केलेल्या उथळ नांगरटीचा, हे नोंदीवरून ओळखता येत नाही.

भाड्याच्या व्यवहारात ही उणीव थेट पैशात उतरते. भाडे एकरावर ठरले असेल तर उथळ आणि वेगाने नांगरण्यात ट्रॅक्टरधारकाचा फायदा; पाच सेंटिमीटर खोली कमी झाली की एकरी दोन लिटर डिझेल वाचते. भाडे तासावर ठरले असेल तर हाच कल उलटा होतो. दोन्ही प्रकारांत खोली ही व्यवहाराची खरी अट असते आणि तीच ठरवली जात नाही. चौबैली नांगरामागे धनी स्वतः चालत असे. तासाची खोली त्याच्या पायाला कळे आणि बैलांच्या दमण्यावरून रानाचा जडपणाही कळे. १५ सेंटिमीटर रुंदीच्या तासाने एक एकर नांगरायचा तर माणूस आणि बैल सुमारे २७ किलोमीटर चालत. भाड्याच्या ट्रॅक्टरचा धनी बांधावर उभा असतो, आणि उलटलेल्या ढेकळांखाली तास किती खोल गेले ते बांधावरून दिसत नाही. त्यासाठी न नांगरलेल्या कडेला सळई धरून तासाच्या तळापर्यंतची खोली चार-सहा ठिकाणी मोजावी लागते, तीही ट्रॅक्टर शेतात असतानाच. फणपाळी किंवा रोटाव्हेटर फिरला की ती खूण पुसली जाते.